रायफल बरोबर, साल चुकीचं: महायुद्धातल्या शिपायाच्या हातात पुढच्या वर्षीची थ्री-नॉट-थ्री का येते?

दर काही महिन्यांनी हा प्रश्न नवं रूप घेऊन येतो. कधी गावातल्या युद्धस्मारकाशेजारी भिंत रंगवायची असते, कधी एकांकिकेसाठी लाकडी बंदूक करायची असते, कधी कुणी १/३५ मापाचा डायोरामा, म्हणजे छोट्या पुतळ्यांचा देखावा, करत असतो. "पहिल्या महायुद्धातला मराठा शिपाई दाखवायचाय. हातात थ्री-नॉट-थ्री दिलीय. बरोबर आहे ना?" सोबत मोबाइलवर काढलेला फोटो.

रायफल बहुतेक वेळा बरोबरच असते. साल चुकलेलं असतं. चित्राखाली लिहिलेलं असतं "कूत-अल-अमारा, १९१५" (हे ठिकाण मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये) आणि शिपायाच्या खांद्यावर असते १९१६ नंतरची बंदूक. लांबून दोन्ही सारख्याच दिसतात, त्यामुळे चूक खपून जाते, आणि पुढचा चित्रकार त्याच चित्रावरून नक्कल करतो. मग ती दोनदा खपते.

माझ्या हातूनही हे झालंय. कूतच्या वेढ्याचा डायोरामा केला होता: सहा शिपाई, मातीचा खंदक, मागे खजुराचं एक मोडकं झाड. झाडावर आठ दिवस घालवले. रायफली खोक्यातून आल्या तशा कापून चिकटवल्या. एका प्रदर्शनात पोलीस शस्त्रागारातून निवृत्त झालेले एक आर्मोरर, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारे, काका आले. चष्मा कपाळावर सरकवून अगदी नाक लावून बघत होते.

"हिची पट्टी कुठाय?"

"कुठली पट्टी, काका?"

"कट-ऑफ हो. आणि डाव्या अंगाची तबकडी? ही स्टारवाली झाली की. पाटीवर तर तुम्ही डिसेंबर १९१५ लिहिलंय."

त्या दिवशी मी पाटी खाली काढून ठेवली.

तर आधी ही पट्टी आणि तबकडी काय प्रकरण आहे ते पाहू, कारण निम्मा घोळ तिथेच सुटतो. ज्या बंदुकीला आपण सरसकट थ्री-नॉट-थ्री म्हणतो ती त्या काळातली म्हणजे शॉर्ट मॅगझीन ली-एन्फील्ड, एसएमएलई. तिचा मार्क ३ हा नमुना जानेवारी १९०७ मध्ये मंजूर झाला. मॅगझीनमध्ये १० राउंड, पाच-पाचच्या क्लिपने वरून भरायचे. उजव्या बाजूला, बोल्टच्या (राउंड नळीत ढकलणाऱ्या सरकत्या भागाच्या) खाली एक सपाट पोलादी पट्टी होती. ती आत ढकलली की मॅगझीन झाकलं जाई आणि शिपायाने एकेक राउंड हाताने भरून झाडायचा, म्हणजे १० राउंड अडीअडचणीला राखीव राहतील. ही कट-ऑफ. ज्या पिढीच्या साहेबांना शिपाई दारूगोळा उधळतील अशी भीती वाटायची, त्या पिढीची ही कल्पना. डाव्या बाजूला लाकडावर छोटी तबकडी आणि तिच्यावर फिरणारा काटा, आणि मागे सेफ्टीजवळ वर उचलायची एक बारीक दांडी. नेहमीची मागची साइट, म्हणजे नेम धरायची खूण, २,००० यार्डांपर्यंत होती. त्यापलीकडे २,८०० यार्डांपर्यंत सगळ्या तुकडीने मिळून एका दिशेने गोळ्यांचा पाऊस पाडायचा, त्यासाठी ही तबकडी. एकेकट्या माणसाला नेम धरायचं अंतर ते नव्हेच. शिवाय मागच्या साइटला डावी-उजवीकडे सरकवायचा स्क्रू आणि पुढे नाकाशी एक कडी, तीन रायफली एकमेकींना टेकवून मोळी उभी करण्यासाठी.

खंदकांच्या लढाईत यातलं काहीच फारसं उपयोगाचं राहिलं नाही. समोरचा शत्रू शंभर-दोनशे यार्डांवर. कारखान्यांना मात्र प्रत्येक तबकडी, प्रत्येक स्क्रू वेगळा घडवावा लागे आणि बंदुका कमी पडत होत्या. म्हणून जानेवारी १९१६ मध्ये मार्क ३* हा नमुना अधिकृतपणे मंजूर झाला: तबकडी गेली, कट-ऑफ गेली, साइटचा आडवा स्क्रू गेला, मोळीची कडीही गेली. तो तारा, म्हणजे स्टार, दस्त्याच्या मानेवरच्या पोलादी कड्याच्या उजव्या बाजूला ठोकलेला असतो. वर मुकुट, मग कारखान्याचं नाव, साल, आणि खाली नमुना.

इथवर बहुतेक लोक येतात आणि थांबतात. "म्हणजे जानेवारी १९१६ च्या आधी जुनी, नंतर नवी, झालं." नाही झालं. नेमकी इथूनच दुसऱ्या प्रकारची चूक सुरू होते.

तीन तारखा

कुठल्याही सुट्या भागाला तीन तारखा असतात. कागदावर मंजूर झाल्याची, कारखान्यात ठोकल्याची आणि शिपायाच्या हातात पडल्याची. पुस्तकांत आणि संकेतस्थळांवर बहुधा पहिलीच सापडते, आणि आपण ती तिसरी म्हणून वापरतो.

पहिल्या दोन तारखांचा क्रमसुद्धा ठरलेला नाही. बर्मिंगहॅमच्या बीएसए कारखान्याच्या मार्क ३* रायफली १९१५ सालच्या शिक्क्याच्या सापडतात. युद्धाच्या घाईत आधी काम सुरू झालं, कागद मागून आला. आपल्याकडे रस्ता आधी खणतात आणि परवानगी नंतर येते, त्यातलीच गत. उलट ऑस्ट्रेलियातल्या लिथगोच्या कारखान्यात मार्क ३ चंच काम कागद निघाल्यावरही बराच काळ चालू राहिलं. म्हणजे एकाच महिन्यात दोन खंडांत दोन वेगळ्या बंदुका तयार होत होत्या, आणि दोन्ही नियमाला धरूनच.

तिसरी तारीख सगळ्यांत लांब. बंदूक कारखान्यातून निघाली की तपासणी, मग डेपो, मग जहाज. फ्रान्ससाठी हा प्रवास छोटा. मेसोपोटेमियासाठी बसऱ्यापर्यंत जहाज, तिथून तैग्रिस नदीने वर. १९१६ मध्ये बसऱ्याच्या धक्क्यावर जहाजं आठवडेच्या आठवडे माल उतरवायची वाट बघत उभी असत आणि नदीत चालणाऱ्या बोटी पुरत नसत. पुढच्या दवाखान्यांना औषधं वेळेवर मिळत नव्हती, तिथे नव्या नमुन्याच्या बंदुका आधी पोहोचल्या असतील असं कोण म्हणेल?

शिवाय नवा नमुना आला म्हणून कुणी जुन्या बंदुका गोळा करून नेल्या नाहीत. जुनी चालतेय तोवर चालवायची. त्यामुळे तपासताना मी एकच नियम सगळ्यांत आधी लावतो: जुना भाग नव्या सालात चालतो, नवा भाग जुन्या सालात चालत नाही. १९१८ मधल्या शिपायाच्या हातात तबकडीवाली मार्क ३ दाखवली तर कुणी बोट ठेवू शकत नाही. १९१४ मधल्या शिपायाच्या हातात मार्क ३* दाखवली तर मात्र काकांसारखा कुणीतरी भेटणारच.

संगिनीवरून हे चटकन पटतं. १९०७ च्या नमुन्याच्या संगिनीला, म्हणजे १७ इंची लांब पात्याच्या, सुरुवातीला मुठीपाशी खाली वाकलेला आकडा होता. तो काढायचा निर्णय ऑक्टोबर १९१३ मध्ये झाला. तरी १९१५ च्या फोटोंत आकडेवाल्या संगिनी सर्रास दिसतात, कारण आकडा कापायचा तो संगीन दुरुस्तीला गेल्यावर. जी गेलीच नाही तिचा आकडा तसाच राहिला. तेव्हा "आकडा दिसतोय म्हणजे फोटो युद्धाआधीचा" हा निष्कर्ष काढू नका. याच चुकीमुळे एका कुटुंबाच्या पणजोबांचा फोटो दोन वर्षं मागे ढकललेला मी पाहिलाय.

आता आपला शिपाई कुठे होता ते बघा

साल कळलं तरी आघाडी कळल्याशिवाय उत्तर देता येत नाही. मराठी वाचकांकडून येणाऱ्या प्रश्नांत तीन ठिकाणं पुन्हा पुन्हा येतात.

फ्रान्स. लाहोर डिव्हिजन सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस मार्सेयला उतरली. तिच्याबरोबर खडकीच्या ३ऱ्या सॅपर्स अँड मायनर्सच्या (लष्करी इंजिनिअरांच्या दलाच्या) २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या होत्या, म्हणजे आजच्या बॉम्बे सॅपर्सचे पूर्वज. २८ ऑक्टोबर १९१४ ला न्यूव्ह शापेलच्या हल्ल्यात या दोन कंपन्यांची जबर हानी झाली. हिंदुस्थानी तुकड्यांनी आणलेल्या रायफली मार्सेयलाच बदलून दिल्या गेल्या. कारण काडतुसाचं होतं: १९१० मध्ये आलेलं मार्क ७ काडतूस टोकदार, हलक्या आणि वेगवान गोळीचं होतं. आधीच्या मार्क ६ ची गोळी बोथट टोकाची आणि जड. जुन्या गोळीच्या हिशोबाने आखलेल्या साइटवरून नवी गोळी झाडली तर अंतराचा हिशोब चुकतो. तेव्हा "ही बंदूक त्याने पुण्याहून नेली" असं फ्रान्समधल्या शिपायाबद्दल लिहू नका. माणूस खडकीचा, बंदूक मार्सेयची.

आणि हिंदुस्थानी पायदळ १९१५ संपता संपता फ्रान्सहून निघालं. म्हणजे फ्रान्समधल्या या शिपायाला मार्क ३* देऊच नका. लोखंडी टोपही देऊ नका, तो तिथल्या फौजेत सर्वत्र पसरला १९१६ मध्ये. डोक्यावर फेटा, हातात मार्क ३, तबकडी आणि कट-ऑफसकट.

मेसोपोटेमिया, कूत पडेपर्यंत. जनरल टाउनशेंडच्या हाताखालची ६ वी पूना डिव्हिजन, तिच्यात १०३ री, ११० वी आणि ११७ वी या मराठा पलटणी. डिसेंबर १९१५ च्या सुरुवातीला तुर्कांचा वेढा पडला, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. मार्क ३* कागदावर मंजूर झाली तेव्हा ही माणसं महिनाभर आधीच कोंडली गेली होती. वेढ्यात धान्य टाकायला विमानं कशीबशी येत होती; बंदुका बदलून द्यायला कुणी येणार नव्हतं. बीएसएच्या १९१५ च्या शिक्क्याच्या काही तारावाल्या बंदुका वेढ्याआधी तैग्रिसवर पोहोचल्या असतील, असं एकाने मला चिवटपणे सांगितलं होतं. फ्रान्सची भूक भागत नसताना त्या आधी तैग्रिसकडे कोण पाठवेल? कूतच्या चित्रात मी डाव्या बाजूला तबकडी मागतोच. मार्क ३ च्याही आधीच्या एसएमएलईवर ती होती, त्यामुळे पलटणीकडे नेमका कुठला नमुना होता याचा वाद घातला तरी तबकडी सुटत नाही.

मेसोपोटेमिया, त्यानंतर. जनरल मॉडच्या फौजेने ११ मार्च १९१७ ला बगदाद घेतलं. इथून पुढे मार्क ३ आणि मार्क ३* शेजारी शेजारी दाखवा. सहाच्या सहा शिपायांना अगदी एकसारख्या बंदुका दिल्या तर उलट तेच खोटं दिसतं.

फोटोवरून ठरवायचं असेल तर

पहिलं काम: बोल्टचा दांडा कुठल्या बाजूला आहे ते बघा. एसएमएलईचा दांडा उजवीकडेच असतो. तो डावीकडे दिसला तर फोटो उलटा छापलाय. काचेची निगेटिव्ह उलटी धरली की हे होतं, आणि स्कॅन करणाऱ्याच्या लक्षात येत नाही. असा फोटो हाती आला की आधी आडवा उलटवून घ्या. मी एकदा अर्धा तास "उजवीकडे तबकडी असलेला" नमुना शोधत बसलो होतो. असा नमुना जगात नाही.

मग कुठली बाजू दिसतेय ते ठरवा, कारण पुरावे दोन्हीकडे विखुरलेत. डावी बाजू दिसत असेल तर तबकडी शोधा, कट-ऑफबद्दल काही बोलू नका. उजवी दिसत असेल तर उलट. खांद्याला लावलेल्या बंदुकीत हात आणि पट्टा यांच्या आड निम्म्या गोष्टी लपतात. न दिसणं आणि नसणं यांत फरक आहे, आणि माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी या एका वाक्यात मिटतात.

तबकडी नाही म्हणजे लगेच मार्क ३* असंही नाही. मार्क ३ दुरुस्तीला गेली की तबकडी काढून टाकत, आणि कधी लाकडातली तिची खाच तशीच राही. तशीच गत कट-ऑफची: पट्टी काढलेली पण तिची खाच पोलादात शाबूत, अशा बंदुका भरपूर. पक्कं उत्तर मानेवरच्या शिक्क्यात, आणि तो फोटोत वाचता येणं म्हणजे लॉटरी.

फोटो कुणी आणि कशासाठी काढला हेही विचारा. गिरडवूड नावाच्या छायाचित्रकाराने १९१५ च्या उन्हाळ्यात फ्रान्समधल्या हिंदुस्थानी तुकड्यांचे पुष्कळ फोटो काढले. त्यांतले कित्येक मांडून, उभं करून घेतलेले आहेत. बंदुकीच्या नमुन्यासाठी ते उत्तम, कारण बंदूक तीच, माणूस तोच. लढाई कशी झाली यासाठी मात्र सांभाळून. स्टुडिओतल्या फोटोंचं उलटं: तिथे बंदूक स्टुडिओची असू शकते. मागे रंगवलेला पडदा आणि शेजारी कुंडी असेल तर बंदुकीवर भरवसा ठेवू नका, पदकांवर आणि बटणांवर ठेवा.

सगळ्यांत मोठा सापळा आपल्या इथलाच

संदर्भासाठी लोक जातात संग्रहालयात किंवा ओळखीच्या हवालदाराकडे, आणि जी थ्री-नॉट-थ्री समोर येते तिचे फोटो काढून आणतात. त्यांतल्या पुष्कळ बंदुका बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यातल्या, आणि बऱ्याच दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या किंवा नंतर पुन्हा बांधलेल्या. ओळखायची खूण सोपी आहे: मॅगझीनच्या थोडं पुढे लाकडातून आरपार जाणारा एक स्क्रू. लाकूड फाटू नये म्हणून घातलेला. संग्राहक त्याला इशापूर स्क्रूच म्हणतात. तो दिसला की ती बंदूक पहिल्या महायुद्धाच्या चित्रासाठी नमुना म्हणून बाद. मी पाहिलेल्या एका भित्तिचित्रात १९१४ च्या शिपायाच्या बंदुकीवर हा स्क्रू इतक्या प्रेमाने रंगवला होता की त्यावर चमकसुद्धा दिली होती.

आर्मोरर काकांनी सांगितलेली गोष्ट इथे उपयोगी आहे. ते म्हणाले, "आमच्याकडे दस्ता एकीकडचा, नळी दुसरीकडची, साइट तिसरीकडची. फक्त बोल्ट आणि बॉडीचा नंबर जुळवायचा, बाकी जे बसेल ते." बोल्टच्या दांड्याच्या मागच्या अंगावर आणि बॉडीवर तोच नंबर ठोकलेला असतो; बोल्ट अदलाबदल झाला तर बसवणी बिघडते. बाकीचे भाग आयुष्यभर बदलत राहतात. बदललेल्या नळीवर तिचं स्वतःचं साल असतं. म्हणून एका बंदुकीवर तीन सालं सापडली तर घाबरू नका. मानेवरचं साल ते जन्माचं.

दुसऱ्या महायुद्धाच्या चित्रांत हाच आजार, औषधही हेच. तिथली नेहमीची चूक म्हणजे जंगल कार्बाइन, क्रमांक ५ ची आखूड रायफल, नळीच्या तोंडाला नरसाळ्यासारखा शंकू. ब्रह्मदेश म्हटलं की चित्रकार ती देतोच, नावातच जंगल आहे ना! तिचं उत्पादन सुरू झालं १९४४ मध्ये, तेही इंग्लंडमध्ये. सांगशाकची लढाई, जिथे ५ व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची ४ थी बटालियन होती, झाली मार्च १९४४ मध्ये. कोहिमाची लढाई त्याच वर्षी एप्रिल ते जून. तिथे नरसाळं दिसलं की पुसा. पहिल्या महायुद्धात तबकडी विसरली जाते, इथे नरसाळं आगाऊ येतं, एवढाच फरक.

दुरुस्ती

चित्र असेल तर काम पाच मिनिटांचं. डाव्या बाजूला, मागच्या साइटच्या जरा पुढे आणि खाली, लाकडावर तबकडी काढा. उजव्या बाजूला बोल्टखाली पट्टीची सपाट कड आणि तिचं छोटं गोल बोंड. लाकडी प्रॉप असेल तर जुन्या कुलपाची चकती तबकडी म्हणून चालून जाते, प्रेक्षक पहिल्या रांगेतला असला तरी.

मॉडेलचं काम मात्र चिकाटीचं. १/३५ मध्ये ती तबकडी तांदळाच्या कणीपेक्षाही लहान येते. पातळ प्लास्टिकच्या पत्र्यातून पंचने चकती पाडायची, सुईच्या टोकावर थेंबभर गोंद, चिमट्याने बसवायची आणि श्वास रोखून धरायचा. माझ्या कूतच्या सहा शिपायांपैकी चौघांना अशा तबकड्या बसल्या. पाचव्याची फरशीवर उडाली ती अजून सापडलेली नाही. सहावा खंदकाच्या भिंतीला डावा अंग लावून बसलाय, त्याच्या बंदुकीची ती बाजू कुणाला दिसतच नाही. त्याची फक्त कट-ऑफ केली. पाचव्याला मी वळवून त्याच्या शेजारी बसवलं. पुढच्या प्रदर्शनात काका आले, सगळ्यांवरून नजर फिरवली आणि त्या पाचव्याशी थांबले. भिंतीच्या फटीतून आत डोकावायला त्यांनी खिशातून टॉर्च काढला.